होडीवरच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुंबलेली न्हाणी मोकळी करायचं. त्यातही माझ्या वाट्याचं मी केलं नाही.

पोळा होऊन गेला होता. रविवार होता. आमच्या हिवरखेडच्या घरी न्हाणीचं पाणी मागच्या भिंतीतून पाइपानं निघतं आणि परसात केळीच्या आळ्यात पडतं. पाइप तुंबला की काम दोघांचं. एकानं आत पाणी ओतायचं, दुसऱ्यानं मागं पाइपाच्या तोंडाशी उभं राहायचं आणि पाणी आलं की सांगायचं. वच्छला, माझी बायको, आत बादली घेऊन उभी होती. मी तार दोनदा आत-बाहेर केली, कंटाळलो, आणि पुढच्या ओट्यावर जाऊन गार होत चाललेला चहा प्यायला बसलो. तिथून पाइप दिसत नाही.

आतून आवाज आला, "अवो, आलं का?"

"आलं!" मी ओट्यावरून म्हटलं.

आलं की नाही, मी पाहिलंच नव्हतं.

ती बादली पालथी घालून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "आपल्या वंदीनं मले मोबाइलवर केरळातली होडी दाखवली. घरावानी हाये. पलंग हाये, न्हाणी हाये. अवो, मंग त्या न्हाणीचं पाणी कुठं जात असन?"

"कुठं जाईन? पाण्यात."

"इतकं सोपं नसन ते," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

बुधवारी सकाळी मेथी निवडता निवडता ती भिंतीला टेकली, ती उठलीच नाही. मधल्या दिवसांत ती त्याच न्हाणीत घोटाभर पाण्यात उभी राहून आंघोळ करत होती. ते पाणी मला दिसत होतं. तिनं विचारलं नाही, मी बोललो नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर विहिरींवर मोटारी बसवल्या, बिघडल्या तर दुरुस्त केल्या. तेल्हारा तालुक्यात कोणाची मोटार पाणी उचलत नसली की मला निरोप यायचा आणि मी सायकलवर निघायचो. परक्यांच्या विहिरीत उतरून पाणी पाहिलं. घरचं वीस पावलांवर होतं.

तिचं सगळं झाल्यावर मी न्हाणीत पाय ठेवला नाही. अंगणातल्या नळाखाली बसून आंघोळ करायचो, थंडीतही. वंदना, आमची लेक, अमरावतीला शाळेत शिकवते. ती यायची आणि म्हणायची, प्लंबर बोलावते. मी म्हणायचो, न्हाणीले कोणी हात लावला तर याद राख. कारण सांगितलं नाही. केळीला पाणी मिळेना, तिची पानं कडेनं वाळत गेली.

संक्रांत झाली आणि वंदना तिकिटं घेऊनच आली. म्हणाली, "आईले होडी पाहाची होती. आई नाई तं तुमी पाहा. पाच महिने झाले, नळाखाली बसून राहिले तुमी. लोक मले विचारतात, तुह्या बापाले घरात न्हाणी नाई का."

मी नाही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. ऐकण्यातली ती नाहीच, आईवर गेली.

परत आल्यावर गावातला जो तो विचारतो, केरळ कसं आहे. वंदना म्हणाली, एकदाच लिहून टाका. म्हणून लिहितो. शाळेत शिकलो तशी भाषा लिहायचा विचार आहे. मधात मधात घसरली तर समजून घ्या.

अलेप्पी

गाडीचं सोडून देतो. बसलो, झोपलो, उतरलो. एवढंच सांगतो की अकोला सोडताना काळी जमीन होती, मग लाल झाली, आणि मग जमीनच दिसेना. सगळं हिरवं आणि पाणी.

इतकं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या खालच्या अंगाला खारपाणपट्टा आहे. तिथं बोअर मारला तर पाणी लागतं, पण ते माणसाच्या कामाचं नाही आणि झाडाच्याही नाही. मला वाटायचं ही गोष्ट आमच्याच वाट्याला आली. इथं होडीच्या चारही बाजूंना पाणी आणि प्यायला मात्र जार आणलेले. होडीवाल्याला खुणेनं विचारलं, हे पितात का? त्यानं जीभ बाहेर काढून तोंड वाकडं केलं. समुद्र जवळ आहे, त्याचं खारं पाणी आत येतं.

होडीवाल्याचं नाव राजन. माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशा, लुंगी गुडघ्याच्या वर दुमडलेली. होडी चालवणारा तोच, दुरुस्ती करणाराही तोच. त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं, मलाही तसंच येतं, म्हणून आमचं जमलं. तो मला चेट्टा म्हणायचा. मला वाटलं शिवी देऊन राहिला. वंदना म्हणाली, "बाबा, चेट्टा म्हणजे मोठा भाऊ." मग मीही त्याला भाऊ म्हणायला लागलो.

होडी खरंच घरासारखी आहे. वर वेताचं छप्पर, समोर बसायला खुर्च्या, आत दोन खोल्या, पलंगावर मच्छरदाणी, आणि प्रत्येक खोलीला न्हाणी. वच्छला असती तर तिनं आधी न्हाणीच उघडून पाहिली असती. मी दार लोटून घेतलं.

जेवायला भात आला. लालसर, जाड, एकेक दाणा वेगळा. भाजी केळफुलाची. पहिला घास घेतला आणि हात थांबला. भाजीला खोबरेल तेलाची फोडणी होती. आमच्याकडे ते तेल डोक्याला लावतात. वच्छला रोज रात्री लावायची, उशीच्या अभ्र्याला तोच वास असायचा. मी ताट सरकवलं. राजनला वाटलं मीठ कमी आहे, त्यानं मीठ आणून दिलं. वंदनाला समजलं की नाही माहीत नाही. तिनं डब्यातून भाकरी आणि ठेचा काढून माझ्यापुढं ठेवला. राजननं ठेचा बोटावर घेऊन चाखला, डोळे पुसले आणि पुन्हा मागितला.

दुपारी होडी शेतांच्या बाजूनं गेली. आता हे नीट ऐका, कारण आपल्याकडच्या माणसाला हे पटणार नाही. तिथं शेत खाली आहे आणि पाणी वर. मधात मातीचा बांध. आपण होडीत बसून खाली पाहतो तर धानाचं शेत दिसतं, विहिरीत वाकून पाहावं तसं. आणि बांधावर मोटार. मी राजनला म्हटलं, इतकं पाणी असून मोटारीनं आणखी पाणी देतात? तो हसला. हातानं दाखवलं, आत नाही, बाहेर. मी मोटारी बसवण्यात जन्म घालवला. आम्ही पाणी शेतात आणतो. ही माणसं शेतातून पाणी उपसून बाहेर टाकतात, नाही तर धान बुडेल. जे खाली आहे त्यातलं पाणी आपोआप कुठं जात नाही, उचलावंच लागतं. तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कामी आलं.

दुसरा दिवस

सकाळी आधी वंदना आंघोळीला गेली. बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, पाणी तुंबून राहिलं आत. राजनभाऊले सांगते. तुमी समोरच्या खोलीत करा."

मी दारातून पाहिलं. घोटाभर पाणी. वर साबणाचा फेस आणि त्याला हळूहळू फिरायलाही जागा नाही. पाच महिने ज्याच्याकडे पाठ केली होती ते पाणी एवढ्या दूर येऊन माझ्यापुढं उभं राहिलं.

राजन आला, पाहिलं, आणि म्हणाला, "चेट्टा, पानी नहीं जाता. शाम को किनारे पर मिस्त्री देखेगा."

"मिस्त्री गिस्त्री नको," मी म्हटलं. "मी पायतो."

वंदना माझ्याकडे पाहत राहिली. "घरच्या न्हाणीले हात लावू देत नाई, अन् इथं लोकाच्या होडीत..."

"हे पाणी काढल्याशिवाय मी होडीवरून उतरत नाही," मी म्हटलं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं हे मी म्हणणार आहे.

पायजमा वर केला आणि आत उतरलो. तार मागितली, भोकात घातली. हातभर सरळ गेली, कुठंच अडली नाही. म्हणजे भोक मोकळं. मग कान लावला. फरशीच्या खालून बारीक गुरगुर येत होती. मोटार! मला आनंद झाला. मोटार असली की मी घरचाच.

आणि इथं मी वऱ्हाडी चूक केली. आपल्याकडे विहिरीवरची मोटार नुसती गुरगुरली आणि पाणी आलं नाही, तर तिनं हवा घेतली म्हणायचं आणि वरून पाणी पाजायचं. पाणी पोटात गेलं की ती उचलते. मी तेच केलं. एक बादली भोकात ओतली. मोटार गुरगुरतच होती. दुसरी ओतली. तिसरी ओतली. न्हाणीचा उंबरा चारच बोटांचा. पाणी उंबऱ्यावरून खोलीत गेलं.

"बाबा! काय करून राहिले तुमी? माही बॅग पोहून राहिली!"

राजन धावत आला. मला वाटलं हा आता दोन शिव्या देणार. तो उंबऱ्यावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. मग आत आला आणि कोपऱ्यातली एक फळी उचलून दाखवली. खाली प्लॅस्टिकची पेटी. न्हाणीचं पाणी भोकातून त्या पेटीत पडतं. पेटीत मुठीएवढी मोटार, ती पाण्यातच बुडालेली. पाण्यात बसलेल्या मोटारीला मी वरून पाणी पाजत होतो.

राजननं हातानं समजावलं. एक हात खाली, ही फरशी. दुसरा हात वर, बाहेरचं पाणी. काल पाहिलेलं शेत मला आठवलं. तीच गोष्ट. न्हाणी खाली आणि बाहेरचं पाणी वर. नुसतं भोक पाडलं तर आतलं बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचं आत येईल. म्हणून पाणी आधी पेटीत, मग मोटारीनं वर चढवून नळीतून होडीच्या कडेला काढलेल्या भोकातून बाहेर. पेटी भरली की आतला तरंगणारा गोळा वर येतो आणि मोटार चालू होते.

मी फरशीवर बसलो. वच्छला शाळेत गेलीच नव्हती. पाइप आणि मोटार तिला कोणी शिकवली नव्हती. तिला नुसतं ऐकून समजलं की इतकं सोपं नसणार. मी धंद्यातला माणूस, आणि म्हटलं, कुठं जाईन, पाण्यात.

मग कामाला लागलो. आधी राजननं गोळा खाली दाबून अडकवला आणि मोटार बंद केली. मोटारीच्या तोंडाशी जाळी होती. राजननं तिच्यावरून केसांचा गुंता ओढून काढला. किती बायांचे असतील कोण जाणे. काळे, रंगवलेले, त्यात एक लांब पांढरा. त्यानं तो कचऱ्याच्या पिशवीत टाकला. मी नजर दुसरीकडे केली. घरच्या पाइपात तार घातली तर काय निघेल, हे मला पाच महिने माहीत होतं. आणि प्लंबर ते कुठं फेकेल, हेही.

जाळी साफ झाली. आता पाहायचं. काम दोघांचं. मी आत बसून गोळा हातानं उचलून धरायचा म्हणजे मोटार चालेल, आणि राजननं बाहेर कठड्यावरून वाकून भोक पाहायचं. तो ओणवा झाला, अर्धा होडीच्या बाहेर.

मी गोळा उचलला. "आलं का?" तोंडातून मराठीच निघालं.

बाहेरून आवाज आला, "वन्निल्ला!"

शब्द माहीत नव्हता. पण आलं नाही म्हणतो, हे समजलं.

मोटार उलटसुलट करून पाहिली, तिचं पातं फिरवलं. पुन्हा उचललं. "आलं का?"

"वन्निल्ला, चेट्टा!"

नळी सोडवून हलवली, जोडली. "आता?"

"वन्निल्ला!"

ऊन चढलं होतं. त्याच्या पाठीवर सरळ ऊन पडत होतं. कठड्याची फळी पोटात रुतत असणार. एकदा म्हणाला असता आलं, तर सुटला असता. मीही मग हात धुतले असते. तो प्रत्येक वेळी वाकून पाहायचा आणि प्रत्येक वेळी जे होतं तेच सांगायचा. वंदना मधात ओली बॅग घेऊन उभी होती, ती एकदा त्याच्याकडे पाहायची, एकदा माझ्याकडे.

मग माझ्या डोक्यात आलं. बाहेरचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून नळीत कुठं तरी झडप असणार. आपल्याकडे विहिरीच्या पाइपाला खाली फुटव्हॉल्व असतो, पाणी वर गेलं ते परत खाली येऊ देत नाही, तसा. हातानं चाचपत गेलो. नळीच्या मधात जाडसर गाठ लागली. खोलली. झडपेच्या तोंडात शांपूच्या पुडीचा फाडलेला कोपरा अडकला होता. नखाएवढा. पाणी ढकलायचं, आणि तो कोपरा झडप उघडू द्यायचा नाही.

नळी जोडली. गोळा उचलला. मोटारीचा आवाज बदलला, तो मला डोळे मिटूनही समजतो. तरी विचारलं, "आलं का?"

"वन्नु! वन्नु, चेट्टा!"

माझ्या पायाभोवतीचं पाणी फिरायला लागलं, आणि फेस भोकाकडे निघाला.

त्याच दिवशी, नंतर

कपडे कठड्यावर वाळत घातले होते, वंदनाच्या साड्या, माझा शर्ट. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो होतो. राजननं मला जेवायला वाढलं, तीच खोबरेलाची भाजी. मी खाल्ली. सगळी खाल्ली.

वंदना म्हणाली, "बाबा, आता सांगा. घरच्या न्हाणीले हात काहून लावू देत नाई?"

मी सांगितलं. ओटा, चहा, न पाहता म्हटलेलं "आलं". तीन दिवस घोटाभर पाणी. सगळं.

ती हसली. हसता हसता रडली.

"आईनं मले त्याच दिवशी फोनवर सांगतलं होतं."

"काय सांगतलं?"

"म्हणे, तुहा बाप ओट्यावर बसून आलं म्हणते. कपबशीचा आवाज मले न्हाणीत येऊन राहिला, अन् हा माणूस म्हणते आलं."

"चिडली होती?"

"हासत होती बाबा. म्हणे, पायते आता, आपल्या मनानं उठते का. बुधवारपर्यंत नाई उठला तं मंग बोलीन त्याले."

बुधवारपर्यंत.

मी उठलो आणि शर्ट वाळला का पाहिलं. ओलाच होता. तरी हातात धरून उभा राहिलो.

उतरताना राजननं माझा हात दोन्ही हातांत धरला. मी त्याला उरलेला ठेचा डब्यासकट दिला. तो काही तरी म्हणाला, मला समजलं नाही. मी म्हटलं, "ये भौ कधी हिवरखेडले." त्यालाही समजलं नाही. त्यानं मान हलवली.

केरळ कसं आहे, तर असं आहे. पाणी भरपूर आहे, माणसं खोटं बोलत नाहीत, निदान मला भेटला तो बोलला नाही. भाजीत डोक्याचं तेल घालतात, दोन दिवसांत सवय होते.

हिवरखेड

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. वंदना त्या दिवशी थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीचं दार उघडलं. कोपऱ्यात तिची दगडी वजरी होती, टाचा घासायची. ती होती तिथंच राहू दिली. तार घेतली आणि पाइपात घातली. दोनदा नाही. अडली तिथं फिरवली, ओढली, पुन्हा घातली. वंदना दारात उभी होती. ती म्हणाली, "मी करू का?" मी म्हटलं, नको.

निघाले ते तिचेच केस होते. पांढरे, टोकाला मेंदीनं तांबडे. मी ते नळाखाली धुतले. वच्छला रोज विंचरून झालं की गळालेले केस बोटाला गुंडाळायची आणि मागच्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची, केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायला. मी तसेच बोटाला गुंडाळले. मला तिच्यासारखी गोल गुंडाळी जमली नाही. त्याच फटीत खोचले.

मग वंदनाला म्हटलं, "बादली घे. मी मांगं जातो. म्या सांगतल्याशिवाय थांबू नको."

परसात गेलो. केळीच्या आळ्यात माती भेगाळली होती. केळ वरून सगळी वाळलेली, पण बुडाशी वीतभर एक नवीन कोंब होता, तो मी आजवर पाहिला नव्हता. पाइपाच्या तोंडापुढं उकिडवा बसलो.

आत पाणी पडल्याचा आवाज आला.

"बाबा, आलं का?"

पाइप कोरडा होता.

"नाई आलं," मी म्हटलं. "टाक."

दुसरी बादली.

"आता?"

"वन्निल्ला!"

आत ती हसली. ओट्यावर चहा ठेवलेला होता. तो गार होत असणार.

तिसरी बादली ओतली. पाइपात आधी गुडगुड झालं, हवा निघाली, मग काळं पाणी थेंब थेंब, आणि मग एकदम धार. माझे पाय भिजले. पाणी केळीच्या आळ्यात शिरलं, कोंबाभोवती फिरलं.

"आलं का बाबा?"

"आलं!" मी ओरडून सांगितलं. पाहून सांगितलं.